बागेतल्या रंगवलेल्या बाकांचा रंग सोलून निघतोय, मदत हवी आहे

मंडळी,
बागेतली अकरा लाकडी बाकं आणि चार लोखंडी खुर्च्या आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून रंगवल्या. चित्रं मुलांची, नक्षी मोठ्यांची. पॉलिशपेपर, प्रायमरचा एक हात, वर बाकांना ॲक्रिलिक, खुर्च्यांना ऑइलपेंट, शेवटी वॉर्निश. (वॉर्निश त्याच संध्याकाळी उरकलं. घाई माझीच.)

एका पावसाळ्यात वाट लागली. पाठीवरची चित्रं शाबूत आहेत, पण बैठकीच्या फळ्यांना टोकांकडून फुगे आलेत. काल एका माशाच्या शेपटीखाली नख घातलं तर अख्खी शेपटी हातात आली. आत लाकूड ओलं, काळपट. त्यात भर दुपारी बसलेल्या एका आजोबांच्या पांढऱ्या पँटवर निळा रंग उमटला. तेव्हापासून ते उभेच राहतात.

चार खुर्च्यांपैकी एक गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) आहे. नेमका तिचाच ऑइलपेंट पापुद्र्यांनी निघतोय.

लंडनमध्ये २०१४ च्या उन्हाळ्यात पुस्तकाच्या आकाराची ५० बाकं मांडली होती, ती नंतर लिलावात गेली. शिकागोत १९९९ मध्ये मांडलेल्या गाईंच्या रंगीत पुतळ्यांचंही तेच. त्यांना एकच हंगाम काढायचा होता, आमच्या बाकांवर रोज माणसं बसणार आहेत. सगळं खरवडावं लागेल का? मुलांना कसं सांगू?

प्रतिसाद १
फळ्यांची खालची बाजू आणि कापलेली टोकं रंगवली होतीत का? लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकांकडून पितं. ऊन पडलं की ते बाहेर यायला बघतं, वर रंगाचं झाकण, मग रंगच उचलला जातो. बैठक खरवडा, लाकूड पूर्ण सुकू द्या, टोकांना प्रायमरचे दोन-तीन हात द्या. पाठीला हात लावू नका. बाकांवर त्याआधीचा जुना रंग असेल तर कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं.
ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं, म्हणून कपड्याला लागतं. बाहेरच्या वापराचं पॉलीयुरेथेन वॉर्निश पातळ तीन हातांत मारा आणि पक्कं होईपर्यंत कुणाला बसू देऊ नका.
खुर्चीचं म्हणाल तर जस्तावर ऑइलपेंट टिकत नाही, तेलाचा साबण होतो. सगळा काढून गॅल्व्हनाइज्डचा प्रायमर मारा.

प्रतिसाद २
बैठकीवर चित्र काढूच नये. माणूस बसला की मासा झाकला जातो, उठला की घासला जातो. बैठक एकरंगी ठेवा, तीही फिकट. गडद रंगाचा उन्हात चटका बसतो. खरवडण्याआधी ट्रेसिंग पेपरवर मासे उतरवून घ्या, ज्याचा त्याला पाठीवर पुन्हा काढायला द्या.

धागाकर्ता
आत्ता वाकून पाहिलं. खालून कोरं लाकूड, अकराही बाकांना.