गृहनिर्माण धोरणाचा अभ्यास सुरू करायचाय, नागपूरवर लिहायचंय, कुठून सुरू करू?

एमए_धंतोली:
नमस्कार मंडळी, यंदा अर्थशास्त्रात गृहनिर्माण धोरण आणि नियोजन असा पेपर घेतलाय, सरांनी आपल्याच शहरावर पंधरा-वीस पानं लिहून आणा म्हटलंय. मी आतापर्यंत पीएम आवासचीच माहिती गोळा करून राहिलो, 2015 ला सुरू झाली, वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न म्हणजे ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), मग राज्याचं 2025 चं नवं धोरण, 2030 पर्यंत 35 लाख घरं वगैरे. काकांना दाखवलं तर म्हणाले हे ठीक आहे रे, पण आपल्या प्लॉटची आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) काऊन नाही आली ते लिही ना. आता मला सांगा, आरएल हा धोरणाचा विषय आहे का नुसता बाबूगिरीचा? आणि नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) 1936 पासून आहे तर शहराच्या चारही बाजूंनी असे बिनामंजुरीचे ले-आउट, म्हणजे शेतात पाडलेले प्लॉट, पडलेच कसे?

जुना_सर्व्हेअर:
काका बरोबर बोलले, तिथूनच सुरू कर. घरांचा आकडा शेवटी येतो बाबू. आधी जमीन कोणाची, तिच्यावर बांधायची परवानगी कोण देतं आणि रस्ता, पाणी, गडरलाइन कोणाच्या पैशाने येते, हे तीन प्रश्न सुटले की धोरण कळलं समज.

1966 च्या एमआरटीपी (प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याने शहराचा विकास आराखडा, म्हणजे डीपी, बनतो, साधारण 20 वर्षांचा. त्यात कोणाच्या शेतावर बगीचा, कोणाच्या शेतावर शाळा असं आरक्षण पडतं. पण जमीन घ्यायला पैसा नसतो, मग ते आरक्षण नुसतं कागदावर पडून राहतं. 10 वर्षांत घेतली नाही तर मालक कलम 127 खाली 'जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा' अशी नोटीस देऊ शकतो, पण तेवढं थांबतो कोण? त्यात 1976 चा कमाल जमीन धारणा कायदा, शहरात एकाने किती मोकळी जमीन ठेवावी याला मर्यादा घालणारा, राज्याने तो 2007 मध्ये काढला तोपर्यंत मोकळी जमीन सरळ मार्गाने बाजारात येणं कठीणच होतं. इकडे गिरणीतला, रेल्वेतला, वीज मंडळातला माणूस दर महिन्याच्या हप्त्यावर प्लॉट शोधत होता. शेतकऱ्याकडून शेत उचलायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि विकायचं, झाला ले-आउट!

असे नकाशे मी ढिगाने पाहिलेत. अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेली, खाली संस्थेचा गोल शिक्का, मधोमध मोठ्या अक्षरात बगीचा. जागेवर टेप लावला की बगीच्यात सहा प्लॉट निघत आणि 30 फुटी रस्ता कुठे 22 तर कुठे 18. मंजुरीची सही कुठल्याच ऑफिसची नाही.

असे ले-आउट नियमित करायला 2001 चा गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचा) कायदा आला. आधी 1 जानेवारी 2001 च्या आधीचे प्लॉट धरले, 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर नेली. आपल्याकडे 572 आणि 1900 ले-आउट म्हणतात ते असेच बिनामंजुरीच्या ले-आउटचे दोन गट, नागपुरात लोक हे आकडे आडनावासारखे सांगतात. डिमांड, म्हणजे नियमित करायचं शुल्क, भरा, आरएल घ्या. आता तू ठरव हे धोरण आहे का नाही. माझ्या मते आपल्या शहराचं सगळ्यात मोठं गृहनिर्माण धोरण हेच, फक्त ते आधी लोकांनी केलं आणि कायदा मागून धावत आला.

प्लॅनिंगवाली_ताई:
सर्व्हेअरकाका, बाकी सगळं मान्य, पण पीएम आवासची घरकुल योजना बाजूला टाकू नका, तिथेही गाडी जमिनीवरच अडते. स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, पण जागा स्वतःची आहे हे दाखवायला कागद लागतो. झोपडपट्टीत तो कुठून आणायचा? आधी मालकी पट्टा पाहिजे आणि पट्ट्याचं उत्तर जमीन कोणाची त्यावर बदलतं, नझूल (शहरातली सरकारी जमीन), नासुप्र, मनपा, रेल्वे, खासगी, प्रत्येकाचं वेगळं टेबल. त्यात आपल्या पूर्व विदर्भाचं खास दुखणं म्हणजे झुडपी जंगल, खुरट्या झुडपांची जमीन. महसुलाच्या जुन्या नोंदीत झुडपी लिहिलंय म्हणून ती जमीन वनच धरायची असं सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये सांगितलं. एकाच योजनेत दोन वस्त्या घे, एक नझूलवर, एक झुडपीवर, आणि कागद कुठे थांबतो ते लिही, तुझी पंधरा पानं आरामात भरतील.

बेसा_रोडवाला:
भाड्याने राहणाऱ्याबद्दल कोणीच काही बोलून नाही राहिलं राजेहो! दर 11 महिन्यांनी करार, मग नवीन घर. आणि शहराबाहेर आता एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे 2017 पासून, तेव्हा नासुप्रवरच थांबू नको. प्लॉटवाल्यांच्या होर्डिंगवर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नंबर बघत जा, 500 चौरस मीटरच्या वरचा ले-आउट असेल तर नोंदणी लागते. नंबर नसेल तर गाडी थांबवूच नको.

एमए_धंतोली:
खूप आभार. काकांनी ट्रंकेतून डिमांडची पावती काढली, पैसे भरलेत, मग अडलं कुठे?

जुना_सर्व्हेअर:
डीपीचा भाग नकाशा काढ आणि त्यावर तुमचा खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) बसव. आरक्षण किंवा डीपी रोड प्लॉटवरून जातोय का बघ, बहुतेक वेळा तिथेच गाडी अडते. तसं काही नसेल तर मूळ ले-आउटच्या नकाशात तुमचा प्लॉट मोकळ्या जागेत तर नाही ना ते तपास. ऑफिसात जाताना पावतीची झेरॉक्स दे, ओरिजिनल हातातून सोडू नको.