साहेबांना बोललं की गावाला का लागतं?

देवगडकर_पोरगा:
मंडळी, वाडीच्या ग्रुपवर जेटीच्या रस्त्याचे खड्डे एवढाच फोटो टाकला, तर सख्खा चुलतभाऊ म्हणतो तू साहेबांचा, म्हणजे इथल्या नेत्याचा नाही, अख्ख्या कोकणचा अपमान केलास, आणि गणपतीत आरतीला गेलो तर तोंड फिरवलं. नेत्याशी एवढं नातं कसं काय जुळतं?

रापणवाला:
याला सामूहिक आत्ममुग्धता म्हणतात. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉमने हे पूर्वीच मांडलेलं, २००९ला संशोधक अग्निएश्का गोलेक दे झावाला आणि सहकाऱ्यांनी ती मोजायची प्रश्नावली केली. आपला गट थोर पण जग त्याला किंमत देत नाही, ही सल त्यात मुख्य. नेता तीच सल माइकवर बोलतो, मग त्याला कोणी बोललं की आपल्यालाच झोंबतं.

मालवणची_काकी:
बाळा, गावावरची माया वेगळी हां. माया असलेला माणूस खड्डा दाखवतोच. समाजवादी नेते मधू दंडवते राजापुरातून लोकसभेवर १९७१ पासून सलग ५ वेळा निवडून आले, १९९१ला पडले, पण विरोधात मत देणाऱ्याला कोणी कोकणद्रोही म्हटलेलं मला तरी आठवत नाही. भावाकडे जा, आधी चहा घे.

देवगडकर_पोरगा:
जातो काकी रविवारी. त्याचाच मुलगा त्या खड्ड्यात स्कूटरवरून पडलाय, गुडघ्याला टाके आहेत.