मखरासाठी जिगसॉ कुठला घ्यायचा? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार, रात्री

निखिल (सी-६०४): नमस्कार मंडळी. यंदा घरच्या गणपतीचं मखर स्वतः करायचं ठरवलंय. १२ मिमी प्लाय, वर महिरप, बाजूला दोन खांब, आणि विसर्जनानंतर सगळं सुटं होऊन पलंगाखाली जाईल असं. सरळ काप टिंबर मार्केटमधला दुकानदार मारून देतो. घोडं अडतंय महिरपीच्या गोलाईपाशी, म्हणून जिगसॉ, म्हणजे पातं वर-खाली चालवून वळणं कापणारी विजेवरची करवत, घ्यायचाय. पुढेही बाल्कनीतल्या टेबलावर काहीबाही करणार आहेच. बॉश जीएसटी ८००० ई, मकिता ४३२९, आणि खिसा अजून हलका केला तर मकिता ४३५० एफसीटी, अशी तीन नावं काढलीत. कोणी वापरलंय का? व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुसा झालाय.

हर्डीकर काकू (ए-१०२): थर्माकोल नाही ना रे?

निखिल (सी-६०४): नाही काकू, तो २०१८ पासून बंदच आहे आपल्याकडे. म्हणून तर प्लाय.

सावंत (बी-२०३): अरे ऑनलाइन दीड हजारात मिळतो की. वर्षातून एक मखर, त्याला एवढं ब्रँडेड कशाला? चार आरत्या होतात तोवर मशीन माळ्यावर.

मृणाल (डी-५०१): सावंत काका 😄 निखिल, माझ्याकडे ४३५० एफसीटी आहे. फर्निचरचं काम माझं रोजचं आहे, त्यामुळे मला परवडलं. तुला लागेलच असं नाही. उद्या सविस्तर लिहिते, आत्ता पोळ्या करतेय.

सेक्रेटरी: उद्या पाण्याचा टँकर ७ ऐवजी ९ ला येईल. बादल्या भरून ठेवाव्यात.

जोगळेकर काका (ए-३०४): निखिल, सावंत म्हणतात तसला स्वस्तातला मीही एकदा आणला होता. नाव नको. मोटर ठणठणीत होती, घात केला बेसने, म्हणजे लाकडावर टेकणाऱ्या खालच्या तळाने. दाबून केलेल्या पातळ पत्र्याचा बेस. एकदा टेबलावरून पडला आणि मधोमध किंचित पोटात गेला. डोळ्याला दिसत नव्हतं. पण त्यानंतर जो काप मारीन तो वरून रेघेवर आणि खालून तिरका. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की फटीतून उजेड दिसायचा. बेसचा स्क्रू आवळून आवळून त्याचे आटे गेले, तरी मशीन चालू झालं की बेस आपला सरकतोच. शेवटी भंगारवाल्याला दिला, त्यानेही घासाघीस केली.

जोगळेकर काका (ए-३०४): तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, म्हणून सांगतो, वॉट नंतर बघ. दुकानात आधी पातं लावायला सांग. टोकाशी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलव. थोडं हलणारच, पण पकडीतच खुळखुळत असेल तर ते मशीन ठेवून दे. मग पाठचा छोटा रोलर पात्याच्या पाठीला टेकतोय का ते बघ. मग मशीन उलटं धर, बेसवर गुण्या उभा कर आणि पात्याला लाव. दुकानदार एवढी तीन मिनिटं देत नसेल तर दुकान बदल. पुण्यात बोहरी आळी आहे, दुकानांना तोटा नाही.

सावंत (बी-२०३): काका, गुण्या घेऊन खरेदीला जाणारे तुम्ही एकटेच असाल.

जोगळेकर काका (ए-३०४): माझं मत ८००० ई. ७१० वॉट आहे, स्ट्रोक २० मिमीचा. ४३२९ ला ४५० वॉट आणि १८ मिमी. ४३२९ आणि ४३५० यांच्या मधलं काहीतरी धरलेलं बरं म्हणून.

शनिवार

मृणाल (डी-५०१): लिहिते म्हटलं होतं. काकांचं बेसचं म्हणणं शंभर टक्के. वॉटचं मात्र तितकं पटत नाही. १२ मिमी प्लायला ४५० वॉट भरपूर झाले. फरक पडतो तो स्ट्रोकचा, म्हणजे पातं एका वेळी किती वर-खाली जातं त्याचा. ४३५० ला तो २६ मिमी आहे. लांब स्ट्रोक असला की दात भुसा बाहेर काढून टाकतात, पातं कमी तापतं, आणि दातांची झीज जास्त लांबीवर वाटली जाते. वापरलेलं पातं उजेडात धरून बघ. मधेच एक काळपट पट्टा दिसेल, बाकी दात कोरे करकरीत. १२ मिमीचा प्लाय आणि १८ मिमीचा स्ट्रोक म्हणजे पात्याचे जेमतेम ३० मिमीच राबतात, बाकीचे बसून खातात.

हर्डीकर काकू (ए-१०२): आमच्या कमिटीसारखं.

सेक्रेटरी: 🙏

निखिल (सी-६०४): म्हणजे ४३५० च घेऊ?

मृणाल (डी-५०१): थांब. तू जाड लाकूड कापणार आहेस का? ४० मिमीचं सागवान, किचनचा ओटा वगैरे? तर २६ मिमीला अर्थ आहे. शिवाय ४३५० ला पातं बदलायला ॲलन की (षटकोनी चावी) लागत नाही, ४३२९ ला लागते. दिवसात दहा वेळा पातं बदलणाऱ्याला ते जाणवतं. तू दिवसाला एकदा बदलणार. उलट ४३२९ दोन किलोच्या आत आहे, बाल्कनीत एका हाताने प्लाय धरून वळवायला सोपं. तुझं बजेट किती?

निखिल (सी-६०४): आठ हजारांच्या आत, पाती-बिती सगळं धरून. बायकोला सहा सांगितलंय.

निखिल (सी-६०४): हा मेसेज डिलीट करण्यात आला

सावंत (बी-२०३): आम्ही वाचला 😂

मृणाल (डी-५०१): मग पात्यांचे पैसे आधी बाजूला काढ. मशीनसोबत जे एक पातं येतं त्यावर मखर करू नकोस. पात्यावरचा कोड वाचायला शीक, सोपा आहे. ‘टी’ म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या मागच्या टोकाचा प्रकार, आता जवळजवळ सगळ्या मशीनना तोच चालतो. पहिला आकडा लांबीचा, १ म्हणजे आखूड, ३ म्हणजे लांब. आकड्यांपुढचं अक्षर दातांचं, ए बारीक आणि डी भरड. त्यापुढे ओ असेल तर पातं अरुंद, वळणासाठी. आर असेल तर दात उलटे. तुझ्या महिरपीला टी १०१ एओ. खांबांच्या सरळ कापाला टी १०१ बी. टी १४४ डी चुकूनही घेऊ नकोस, ते झपाट्याने कापतं पण प्लायच्या काठाची पार लक्तरं करतं.

निखिल (सी-६०४): उलटे दात कशाला?

मृणाल (डी-५०१): साध्या पात्याचे दात वरच्या दिशेला असतात, त्यामुळे कुसळं वरच्या बाजूला निघतात. सनमायका लावलेला तुकडा असेल आणि चांगली बाजू वर ठेवणं भाग असेल तर टी १०१ बीआर, ते खाली कापतं. पण मशीन वर उसळतं, दाबून धरावं लागतं. तू सरळ प्लायची चांगली बाजू खाली ठेव आणि नक्षी मागच्या बाजूवर काढ. विषय संपला.

जोगळेकर काका (ए-३०४): आणि पेंडुलम शून्यावर. तिन्ही मशीनना तो खटका आहे. वर-खाली जाताना पातं पुढे झोकंही घेतं, त्याने काप भराभर होतो, पण गोलाईला आणि पत्र्याला तो बंदच ठेवायचा. ठेवला नाहीस तर महिरप मोराने चोचीने टोचल्यासारखी दिसेल.

जोगळेकर काका (ए-३०४): जाता जाता एक गंमत. हे मशीन जन्माला कसं आलं माहीत आहे? १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान या इंजिनिअरने बायकोच्या शिलाई मशीनमध्ये सुईच्या जागी करवतीचं पातं बसवलं. पुढच्या वर्षी लेस्टो नावाने जिगसॉ बाजारात आला. बॉशने ती कंपनी नंतर घेतली.

हर्डीकर काकू (ए-१०२): तरीच. निखिल, मागच्या महिन्यात तू माझं शिलाई मशीन कशाला मागत होतास?

निखिल (सी-६०४): काकू, पडदे!!

सावंत (बी-२०३): बॅटरीवालं का नको? वायरीचा घोळ नाही.

मृणाल (डी-५०१): त्याच कंपनीच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या घरात असतील तर जरूर. नुसतं मशीन घ्यायचं. नसतील तर बॅटरी-चार्जरमध्येच याचं बजेट बुडालं. आणि बाल्कनीत सॉकेट दोन हातांवर आहे की.

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र सूचना. आवाजाची कामे सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ याच वेळेत करावीत. १ ते ४ मध्ये कोणतेही मशीन लावू नये, मग ते बॉशचे असो वा मकिताचे.

निखिल (सी-६०४): मान्य. मिस्त्रींकडे ४३२९ आहे, उद्या घेऊन येतो म्हणाले. मृणाल, तू तुझं आणशील का? पार्किंगमध्ये ४ वाजता दोन्ही चालवून बघू. काका, गुण्या घेऊन या.

रविवार, संध्याकाळी

निखिल (सी-६०४): जे आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. एकाच प्लायचे दोन तुकडे घेतले, दोन्हीवर एकच नक्षी. वर्तमानपत्र मधोमध दुमडून अर्धी महिरप काढली आणि कात्रीने कापली, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप सारख्या. दोन्ही मशीनना नवं कोरं टी १०१ एओ. कापून झाल्यावर मृणालने तुकडे पाठीमागे धरून अदलाबदल केली आणि कुठला कशाने कापला ते ओळखायला सांगितलं. काकांनी काठावरून नख फिरवलं, चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला, आणि चुकीचा सांगितला.

जोगळेकर काका (ए-३०४): उजेड कमी होता.

सावंत (बी-२०३): चार वाजता 😂

मृणाल (डी-५०१): हातात मात्र फरक कळतो हं. ४३५० चं कंपन कमी आहे, निखिलने दहा मिनिटं ४३२९ चालवल्यावर मनगट झटकलं ते मी बघितलं. आणि सावंत काकांच्या जुन्या चौकटीच्या सागवानावर खरी परीक्षा झाली. वरून दोन्ही काप रेघेवर. उलटून बघितलं तर ४३२९ चं पातं खाली चांगलंच भरकटलेलं, माझंही थोडं गेलं होतं. जाड लाकडात पातं वाकतंच, आणि ढकललं की जास्त वाकतं. ४३२९ ने कापताना जीव खाऊन ढकलत कोण होतं ते सांगत नाही.

सावंत (बी-२०३): माझीच चौकट होती, मी ढकलणारच.

निखिल (सी-६०४): सगळ्यात मोठा धडा मिस्त्रींनी शिकवला. त्यांच्या मशीनला आधीपासून लावलेलं जुनं पातं होतं, त्यानेही एक महिरप कापून बघितली. काठ करपला, वास सुटला, वळणावर पातं वळेचना. तेच मशीन, तोच प्लाय. त्यांचा व्हॉइस मेसेज लिहून काढतो, कारण आवाजात कुकरच्या शिट्ट्या आहेत: “भाऊ, पातं बोथट झालं की माणूस जोर लावतो आणि नाव मशीनचं घेतो. मी बी तेच करतो. एका मखराला दोन पाती धरा. आन् महिरपीच्या आतल्या कोपऱ्यात आधी ड्रिलनं भोक पाडून घ्या, तिथं पातं फिरत नाय. टोकाला दोन्ही बाजूंनी या आन् कानशीनं साफ करा.”

जोगळेकर काका (ए-३०४): शहाणा माणूस आहे.

मृणाल (डी-५०१): त्यात माझी भर. मास्क लाव, प्लायचा भुसा म्हणजे नुसतं लाकूड नसतं, डिंकही असतो. वायर खांद्यावरून मागे टाक. आणि डावा हात प्लायच्या खाली नको, आज दोनदा होता. दोन सी-क्लॅम्प घे.

बुधवार

निखिल (सी-६०४): आज बोहरी आळीत जाऊन आलो. ८००० ई आणि ४३२९ दोन्ही हातात घेऊन बघितले, पाती लावून हलवली, गुण्याही लावला (काकांचाच). दोन्ही पास. ८००० ई ची मूठ माझ्या हाताला जरा भरली, आणि जाड लाकूड मी इतक्यात कापणार नाही हे मनाशी कबूल करून टाकलं. ४३२९ घेतलं. उरलेल्या पैशात टी १०१ एओची पाच, टी १०१ बीची पाच, दोन क्लॅम्प, मास्क.

जोगळेकर काका (ए-३०४): ठीक आहे. मी ८००० ई म्हटलं होतं ते आहेच. बिलावर मशीनचा नंबर लिहून घेतलास का?

निखिल (सी-६०४): घेतला काका.

जोगळेकर काका (ए-३०४): आणि माझा गुण्या?

निखिल (सी-६०४): ... दुकानात राहिला. उद्या आणतो.

हर्डीकर काकू (ए-१०२): निखिल, मखर झालं की उरलेल्या प्लायमधून गौरींसाठी दोन पायऱ्या कापून देशील का? मापं पाठवते.

सावंत (बी-२०३): मलाही चपलांचा स्टँड.

सेक्रेटरी: रविवारपासून पार्किंगमध्ये भुसा पडलेला आहे. ज्यांचा असेल त्यांनी झाडून घ्यावा.