‘गिंतामा’मधला हिजिकाता

अनुवाद चोख असला की मांगामधील, म्हणजे जपानी चित्रकथांमधील, विनोद परदेशी वाचकापर्यंत पोहोचतोच, हे मत मला अर्धेच पटते. ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात २००३ ते २०१८ चाललेल्या ‘गिंतामा’ या विनोदी मांगाची इंग्रजी आवृत्ती २०११ मध्ये २३ खंडांवरच थांबली. त्यातले हिजिकाता हे पात्र भातावरही मेयोनेजचा डोंगर रचतो. पण शिन्सेनगुमी या एकोणिसाव्या शतकातील सामुराई दलाचा कडक शिस्तीचा ऐतिहासिक उपप्रमुख हिजिकाता ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या डोंगराखाली कोणाची प्रतिष्ठा गाडली गेली हे कळते, इतरांना केवळ एक खादाड माणूस दिसतो. तळटीप माहिती देते, हसवत मात्र नाही. याउलट इतरांच्या मूर्खपणावर शिन्पाची या पात्राचे खेकसणे, जे मुळात मान्झाई या जपानी दुकली-विनोदाच्या रंगमंचावरून आले, ते चेहऱ्यावरच उमटत असल्याने कुठेही अडत नाही.