पासपोर्ट कोरा म्हणजे डोकं कोरं?

सराफबाजारचा_रंगारी: काल नाशिकच्या चित्रकारांच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी युरोप टूरचे फोटो टाकून खाली लिहिलं, 'परदेश न पाहिलेल्या कलाकाराचं डोकं म्हणजे साचलेलं डबकं.' तिथं बोललो असतो तर ग्रुपमधून काढलं असतं, म्हणून इथं लिहितोय.

फाळके आपल्या त्र्यंबकचे. सिनेमाचं वेड लागलं ते १९११ मध्ये मुंबईत, ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट बघून. लंडनला गेले १९१२ मध्ये, कॅमेरा आणायला. म्हणजे कल्पना इथली, यंत्र तिथलं. आणि हे महाशय? टूरवाल्याचा आचारी बरोबर, सकाळी एका देशात पोहे, रात्री दुसऱ्या देशात पावभाजी. परत येऊन काढलं काय, तर आल्प्स. कॅलेंडरवर असतात तेच. मी वर्षानुवर्षं सराफ बाजार रंगवतोय, अजून संपलेला नाही.

कॉलेजरोडची_डिझायनर: दादा, फाळक्यांची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ते नुसता कॅमेरा घेऊन आले नाहीत. सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत जाऊन शूटिंग कसं चालतं ते पाहून आले. त्याआधी १९०९ मध्ये छपाईच्या कामासाठी जर्मनीलाही जाऊन आले होते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, या सगळ्यानंतरचा.

माझंच सांगते. क्योटोला मिठाईचं एक खोकं पाहिलं, जवळजवळ कोरं. आल्यावर बेदाण्याच्या पाकिटावरची निम्मी अक्षरं उडवली. मालक भडकला, 'जागा वाया घालवली!' आता त्याच्या भावाचंही काम माझ्याकडेच आहे.

सराफबाजारचा_रंगारी: कोरी जागा बघायला क्योटो कशाला? सुरगाण्याकडे वारली घरांच्या भिंती बघायच्या.

कॉलेजरोडची_डिझायनर: लहानपणापासून बघतेय. म्हणूनच कधी नीट पाहिल्या नव्हत्या. जपानहून आल्यावर पाहिल्या.

पिंपळगावचा_बागायतदार: चित्रातलं मला कळत नाही, द्राक्षातलं सांगतो. थॉमसन द्राक्षाचं वाण तरी कुठं आपलं? सुला वाइनवाले राजीव सामंत अमेरिकेत शिकले, ऑरॅकलमधली नोकरी सोडून आले आणि नाशिकला घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली. आमची जमीनही इथलीच. वडिलांना कधी सुचलं नाही, मलाही नाही.

सावरकरनगरवाला: वाइनचं नाव काढू नका! शनिवार-रविवार गंगापूर रोडला मुंबईच्या गाड्यांची रांग. मागच्या महिन्यात आईला दवाखान्यात न्यायचं होतं, गल्लीतून गाडी बाहेर काढता येईना.

ठाण्याचा_जावई: रस्ता विकत घेतलाय का? तुम्ही थर्टीफर्स्टला अलिबागला जाता तेव्हा तिथले लोक काय म्हणत असतील?

सावरकरनगरवाला: जावई आहात म्हणून ऐकून घेतोय. पाथर्डी फाट्यापासून हॉर्न वाजवत येणं आधी बंद करा.

द्वारकाग्रस्त: गंगापूर रोडचं काय कौतुक सांगता? संध्याकाळी द्वारका चौकात या, मग रडा.

सावरकरनगरवाला: द्वारकेला निदान पोलीस तरी असतो!

द्वारकाग्रस्त: असतो ना. मोबाईल बघत.

ठाण्याचा_जावई: भांडा तुम्ही. मी कविता करतो आणि मला त्या नाशिकला आल्यावरच सुचतात. आमच्यासाठी हाच परदेश.

सावरकरनगरवाला: मग बसने या. खिडकीत बसून जास्त सुचेल.

मानसशास्त्राची_मास्तरीण: ट्रॅफिक आटोपलं असेल तर बोलते. मॅडक्स आणि गॅलिन्स्की यांचा २००९ चा अभ्यास आहे. मेणबत्ती, काड्यापेटी, टाचण्या द्यायच्या. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावून दाखवायची. पेटी रिकामी करून भिंतीला टाचली की झालं, पण ते पटकन सुचत नाही. परदेशात *राहिलेल्यांना* ते जास्त जमलं. नुसत्या फिरून आलेल्यांच्या बाबतीत तसा संबंध दिसला नाही. तेव्हा टूरवाले सद्गृहस्थ नापास, पण रंगारीबुवा, तुम्हीही काठावरच.

सराफबाजारचा_रंगारी: मॅडम, निम्मे आभार. टूरवाले नापास, एवढंच घेतो.

कॉलेजरोडची_डिझायनर: सोयीचं तेवढं घ्या! मी क्योटोला टूरनेच गेले होते. आचारी होता, पोहेही होते. मग माझं पाकीट खोटं का?

सराफबाजारचा_रंगारी: पाकीट चांगलं आहे हो. किराणा दुकानात बघितलं, घेतलंसुद्धा. फक्त एक्स्पायरीची तारीख इतकी बारीक छापलीय की आमच्या मातोश्रींना भिंग लागलं. तेवढं जपानी लोकांना विचारून दुरुस्त करा.