मदत हवी आहे: भरीव चाकाच्या गाडीचा कणा फिरता ठेवावा की स्थिर?

नमस्कार. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी आठवीच्या मुलांकडून पुरातन बैलगाडीची लाकडी प्रतिकृती करून घेत आहे. परंतु चाक आणि कणा (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) यांच्या जोडणीपाशी आमचे काम अडले आहे.

नमुना म्हणून आम्ही महाराष्ट्रातील दायमाबाद या पुरातन वसाहतीच्या जागेवरची गाडी घेतली. १९७४ साली प्रवराकाठी गेंडा, हत्ती व रेडा यांच्यासोबत सापडलेल्या या ओतीव शिल्पात दोन बैल जुंपलेले असून मागे हाकणारा उभा आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण चाके भरीव आहेत, आरे नाहीत, आणि नेमके तेच मुलांना दाखवायचे आहे.

पहिल्या प्रयत्नात आम्ही चाके कण्याला पक्की बसवली. स्लोव्हेनियातील ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत सापडलेल्या, सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या चाकाचे भोक चौकोनी आहे, म्हणजे तेथे कणा चाकाबरोबरच फिरत असे. आमची गाडी सरळ रेषेत उत्तम चालली. मात्र वळताना बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापायचे असल्याने आतले चाक फरफटू लागले आणि चौथ्या वळणाला सांधा ढिला झाला. मग कणा स्थिर ठेवून चाकाला गोल भोक पाडले, तर अडीच सेंटिमीटर जाडीची ती फळी कण्यावर डुलू लागली आणि चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला लावलेली खीळ घासून झिजली. आपल्या बैलगाडीच्या चाकाला एवढा लांब तुंबा (कणा जातो तो मधला जाड भाग) कशासाठी असतो, हे मला इतक्या वर्षांनी तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले.

हडप्पा संस्कृतीतील मातीच्या खेळण्यातल्या अनेक चाकांना मधोमध एका बाजूला उंचवटा असतो. तो तुंब्याचेच काम करीत असावा, असा माझा तर्क आहे. ज्यांनी अशी चाके संग्रहालयात किंवा उत्खननात जवळून पाहिली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: भोकाची आतली कड झिजलेली दिसते का, आणि उंचवटा गाडीच्या बाजूला ठेवावा की बाहेरच्या?

जुवाचा प्रश्न मात्र सुटला आहे. बलुचिस्तानातील मेहेरगढ परिसरात माणसाळवलेल्या गुरांच्या वंशाला वशिंड असते आणि जू त्याच्या पुढे मानेवर टेकते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला जिथे हळद-तूप चोळतात तीच ती जागा, हे मुलांना न सांगता कळले.

जुन्या सुतारकामाचे जाणकार येथे असतील, तर त्यांनाही विनंती. चाकाच्या जाडीच्या किती पट लांब तुंबा धरावा, एवढे समजले तरी बाभळीचे पुढचे लाकूड कापायला घेता येईल.