मदत हवी आहे: कॅज्युअल्टीत मानसिक त्रास कसा ओळखता?

नमस्कार. मी ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला नर्स आहे. रात्री छातीत धडधड, हातापायांना मुंग्या म्हणून बाई येते. ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, की 'गॅस झालाय' सांगून घरी. आठवड्याने पुन्हा तीच. फवारणीचं औषध पोटात गेलेला मुलगा 'चुकून प्यायलो' म्हणतो, कारण उशाशी वडील उभे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आलं, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला सहसा शिक्षा होत नाही, तरी पोलीस केसची धास्ती आहेच.

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न त्या गर्दीत विचारून होत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ फक्त जिल्ह्याला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी केसपेपरवर लिहून देते.

नातेवाइकांना बाहेर थांबवून तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? जिवाचं बरंवाईट करायचा विचार आहे का, हे पेशंटला लागेल असं न बोलता कसं विचारायचं? नेमके शब्द सांगा, प्लीज.